खाड्याचे पैसे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर तीन तऱ्हेच्या खुणा. नवा सिलिंडर लावला त्या तारखेला 'गॅ', जादा दूध घेतलं तर कोपऱ्यात अर्धा किंवा एक, आणि भांड्यांच्या मावशी आल्या नाहीत त्या तारखेभोवती गोल. गोल म्हणजे खाडा. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. मी तो पंचवीस वर्षं बिनबोभाट चालवला.

मावशींची धाकटी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. ती रग्बी खेळते, हे मला कळलं ते तिच्या गुडघ्यांवरून. एकदा सकाळी साडेसातला आईच्या बदली भांडी घासायला आली, तर दोन्ही गुडघे मातीने माखलेले आणि मातीखाली सोललेले. 'पडलीस का गं?' तर म्हणाली, 'नाही काकू, पाडलं.' आणि हसली. पावणेसहा ते सव्वासात एका शाळेच्या मैदानावर सराव, मग आईच्या चार घरांपैकी दोन घरं, मग साडेदहापासून रात्री आठपर्यंत कपड्यांच्या दुकानात काउंटर. शाळेची घंटा व्हायच्या आत मैदान मोकळं करायचं, खुणेचे कोनसुद्धा पिशवीत भरून न्यायचे, अशा बोलीवर ते मैदान मिळालेलं आहे.

तिने मला एक सामना मोबाइलवर दाखवला. भांडी निथळत होती, चहा उकळत होता, आणि ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मुली एकमेकींना आडव्या पाडत होत्या. १९ नोव्हेंबर २०२२, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, महिलांच्या रग्बी लीग विश्वचषकाची अंतिम फेरी. मी म्हटलं, हाच का तुझा खेळ? तर नाही. 'ही लीग, काकू. आम्ही खेळतो ती युनियन, त्यातही सात जणींची. लीगमध्ये तेरा जणी असतात. आणि सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा.' मी कॉलेजात कबड्डी खेळलेली असल्यामुळे हे लगेच कळलं. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी करो या मरो, तसंच काहीसं. सहाव्या पकडीच्या आत काय करायचं ते करा.

सामना एकतर्फी झाला होता, ५४-४. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या मुली चषक उंचावत होत्या तेव्हा हिने विचारलं, 'काकू, ह्या महिना महिना स्पर्धेला जातात, ह्यांचे खाडे धरत असतील का?'

माझ्या हातात तेव्हा तोच पेन होता, गोल करायचा.

तिला ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा मलाही नव्हतं, की तिने विचारलं त्याच प्रश्नातून हा खेळ जन्माला आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये रग्बी खेळणारे बहुतेक लोक खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. शनिवारी दुपारपर्यंत कामाचा दिवस. बाहेरगावी सामना असला की अर्धा दिवस बुडायचा, मजुरी कापली जायची. त्यांनी मागितलं ते फार नव्हतं: सामन्यासाठी बुडालेल्या वेळाचे पैसे द्या. इंग्रजीत या मागणीला जे नाव पडलं त्याचा शब्दश: अर्थ 'मोडलेला वेळ' असा होतो, पण मराठीत त्याला आपल्याकडे आयताच शब्द आहे. १८९३ मध्ये रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. ठराव पाडणारे मुख्यत: दक्षिणेतले, खाजगी शाळांतून शिकलेले, ज्यांना शनिवारी कुणी हजेरी विचारत नव्हतं असे सद्गृहस्थ. खेळ हौसेने खेळायचा असतो, पैशाने तो नासतो, असं त्यांचं म्हणणं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. नव्या संघटनेने एका दिवसाच्या खाड्याला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचं ठरवलं. पुढे नियम बदलत गेले, खेळाडू पंधराचे तेरा झाले, आणि त्या चुलीवर शिजलेल्या खेळाला आज रग्बी लीग म्हणतात. ज्यांनी ठराव पाडला त्यांच्या रग्बी युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी दिली १९९५ मध्ये. मोजून शंभर वर्षांनी.

ऑस्ट्रेलियातली गोष्टही तशीच. ॲलेक्स बर्डन हा सिडनीचा खेळाडू न्हाव्याचा धंदा करायचा. १९०७ मध्ये सामन्यात जायबंदी झाला, धंदा बुडाला, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यायला संघटना तयार नव्हती. तिथे रग्बी लीग सुरू व्हायला जी कारणं झाली त्यांत बर्डनच्या या दुखापतीचं नाव आजही घेतात.

तर असा हा खाड्यातून उगवलेला खेळ. आणि याच खेळाने बायकांना मात्र शंभरावर वर्षं खाड्याचा एक पैसा दिला नाही. बायका खेळत नव्हत्या असंही नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये सिडनीत बायकांचा रग्बी लीगचा सामना झाला, तो बघायला सुमारे वीस हजार लोक आले. मॅगी मोलोनी नावाची मुलगी त्या दिवशी गाजली. लोकांना आवडलं, तिकिटं खपली, आणि तरी खेळाच्या चालकांनी त्यातून हात काढून घेतला. त्याच सुमाराला इंग्लंडात फुटबॉलचं काय झालं ते तर जगजाहीर आहे. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या सामन्याला ५३ हजार प्रेक्षक होते. पुढच्याच डिसेंबरात फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं बंद राहिली.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे या विषयावर बोलायला लागलं की पहिलं वाक्य येतं ते असं: 'आधी बघायला लोक येऊ देत, मग पैशांचं बघू.' आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर निवृत्त इंजिनिअर आहेत एक, ते तर याला बाजाराचा नियम म्हणतात. लोक आले होते, काका. मैदान काढून घेतलं गेलं.

पुरुषांचा रग्बी लीग विश्वचषक १९५४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. बायकांचा पहिला २००० साली, आणि त्यात संघ होते तीन. न्यूझीलंडने पहिले तिन्ही विश्वचषक घेतले. २०१३ पासूनचे तिन्ही ऑस्ट्रेलियाकडे गेले. २०१७ ला सहा संघ, २०२२ ला इंग्लंडमध्ये आठ. ही शेवटची स्पर्धा वेगळी ठरली. पुरुष, महिला आणि व्हीलचेअरवरचे खेळाडू अशा तीन स्पर्धा एकाच वेळी घेतल्या, सगळे ६१ सामने बीबीसीने दाखवले, आणि तिन्ही स्पर्धांतल्या खेळाडूंना सहभागाचं मानधन सारखं दिलं. महिलांची अंतिम फेरी आणि पुरुषांची अंतिम फेरी एकाच मैदानावर, एकाच दिवशी. याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

पण गुणफलक बघा. साखळीत ऑस्ट्रेलियाने कुक आयलंड्सला ७४-०, फ्रान्सला ९२-० हरवलं, आणि उपांत्य फेरीत पापुआ न्यू गिनीला ८२-०. इंग्लंडने ब्राझीलला ७२-४. कबड्डीत असा निकाल लागला तर आपण म्हणतो, समोरच्या पोरींना नीट शिकवलं नाही. मी हे आकडे जितके वेळा वाचले तितके मला ते हजेरीपटासारखे दिसले. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, आधी चार संघ, मग वाढत गेले, आणि २०२३ मध्ये तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने जो सामूहिक करार केला त्यात पहिल्यांदा महिला खेळाडूंचं किमान मानधन, वैद्यकीय विमा, बाळंतपण हे सगळं आलं. त्याआधी तिथेही हीच रड होती. देशासाठी खेळलेली रुआन सिम्स अग्निशमन दलात नोकरी करायची. आणि २०२२ मध्ये इंग्लंडची कर्णधार असलेली एमिली रज शाळेत खेळाची शिक्षिका होती. स्पर्धेच्या महिन्याचं मानधन समान मिळालं खरं. उरलेले अकरा महिने कुणाचा सराव पगारात बसत होता आणि कुणाला शाळा सुटल्यावर मैदानावर जावं लागत होतं, याचा हिशेब मानधनात नव्हता.

एवढ्यावरच सगळं खापर फोडणं बरोबर नाही, हे मान्य. ऑस्ट्रेलियात पोरी लहानपणापासून हा खेळ बघत वाढतात, फ्रान्समध्ये तो मोजक्या भागात खेळला जातो, ब्राझीलच्या मुलींचा तर तो पहिलाच विश्वचषक होता. पण मग पापुआ न्यू गिनीचं काय? त्या देशात रग्बी लीग म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. गल्लोगल्ली वेड. तरी तिथल्या महिला पहिला विश्वचषक खेळल्या तो २०१७ मध्ये. खेळ लोकप्रिय झाला की त्याची ऊब आपोआप बायकांपर्यंत पोचते, हा समज किती पोकळ आहे, ते बघायला एवढं लांब जायचीही गरज नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि बघता बघता घराघरांत पोचली. महिलांची स्पर्धा २०१६ मध्ये झाली, तीन संघ, एकच वर्ष. अंतिम सामना एका गुणाने लागला, २४-२३. त्या रात्री आमच्या घरात टीव्हीसमोर माझा आवाज बसला होता. मग ती स्पर्धा गेली ती गेलीच.

आता आपल्या दारात येऊ.

आपल्याकडे सरकार खेळाडूंना पैसे देत नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. भरपूर देतं. २०१२ मध्ये महिलांच्या पहिल्या कबड्डी विश्वचषकात भारत जिंकला, तेव्हा संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने एकेक कोटी दिले. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, तेव्हाही कोटींतली बक्षिसं जाहीर झाली. हार, फेटे, उघड्या जीपमधून मिरवणूक, फ्लेक्सवर खेळाडूपेक्षा मोठा नेत्याचा फोटो. माझी तक्रार बक्षिसाच्या आकड्याबद्दल नाही. तो पैसा येतो कधी, याबद्दल आहे. तो जिंकल्यावर येतो. मुलगी तिथवर पोचेपर्यंत जी दहा वर्षं जातात, त्यांतले दिवस कुणाच्या खात्यात बुडतात? आईच्या, बहिणीच्या, क्वचित एखाद्या भल्या दुकानमालकाच्या. आणि जी पोचत नाही, तिच्या बुडालेल्या दिवसांना तर खातंच नाही.

आपल्या देशाने खाड्याचा प्रश्न सोडवला तो नोकरीतून. रेल्वे, पोलीस, बँका, पूर्वीच्या सरकारी कंपन्या. धोनी तिकीट तपासनीस होता हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे हाही तेव्हा रेल्वेतच तिकीट तपासनीस, आणि सराव आपल्या पुण्याच्या बालेवाडीत. महिलांच्या क्रिकेट आणि कबड्डीत वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ वरचढ राहिला, त्याचं कारण रेल्वेच्या डब्यांत नाही, मस्टरमध्ये आहे: खेळायला गेलं तरी हजेरी लागते. केंद्र सरकारच्या नियमांत राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी वर्षाला तीस दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण महाराष्ट्रात आहेच. (त्याच्या आशेने निघालेल्या बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्याही आपण वाचल्या.)

ही व्यवस्था चांगली होती, तिने पिढ्या सांभाळल्या. पण ती उभी होती कायम नोकरीच्या जोत्यावर, आणि ते जोतंच खचत चाललंय. आज पुण्यात बारावी झालेल्या, घरची कमाई लागणाऱ्या मुलीला काय मिळतं? मॉलमधला काउंटर, कंत्राटी हाउसकीपिंग, कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावणं, ब्युटी पार्लर. तिथे विशेष नैमित्तिक रजा हे शब्द उच्चारून बघा. महिन्याची एक ठरलेली सुट्टी सोडून बाकी सगळं बिनपगारी, आणि सलग चार दिवस गेलात तर परत आल्यावर तुमच्या काउंटरवर दुसरी उभी.

मला हे पुस्तकी नाही सांगायचं. मी विद्यापीठाच्या कबड्डी संघाच्या शिबिरासाठी निवडले गेले होते, तीन आठवड्यांचं शिबिर. तेव्हा वडील आजारी होते आणि मी एका कार्यालयात टायपिस्टच्या तात्पुरत्या जागेवर होते. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, 'जा ना, अभिमानाची गोष्ट आहे. फक्त परत आल्यावर खुर्ची असेलच असं नाही.' मी गेले नाही. पुढे रीतसर बँकेत लागले, सगळं बरं झालं, तक्रार अशी काही उरली नाही. पण डावा कोपरा कुणी सांभाळला असता त्या वर्षी, हा विचार पन्नाशीतही कधीतरी रात्री येतो.

केंद्राच्या योजनांत हा विचार मुळीच नाही असं नाही. खेलो इंडियात निवडलेल्या मुलांना महिना दहा हजार हातखर्चाला मिळतात. ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्यांना टॉप्स योजनेत महिना पन्नास हजार. म्हणजे वेळेचे पैसे द्यायचे असतात, हे सरकारला कळलेलं आहे. फक्त पदक दिसायला लागल्यावरच ते द्यायचे, असा दंडक आहे. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघात खेळणारी, ऑलिंपिक जिच्या स्वप्नातही नाही, तिला काय? ती टी-शर्ट आणि प्रवासभाड्याची वाट बघते.

क्रिकेटमध्ये तर हे आणखी उघडं दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिलांची सामन्याची फी समान केली, सगळीकडे पेढे वाटले गेले. पण वार्षिक करार? त्या वर्षी महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला पन्नास लाख होते, पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला सात कोटी. सामन्याची फी म्हणजे त्या दिवसाची मजुरी. करार म्हणजे उरलेल्या दिवसांची. समान काय झालं आणि काय नाही, ते सांगायला वेगळा तज्ज्ञ नको. आणि हे देशातल्या सगळ्यांत श्रीमंत खेळात.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी आमच्या प्रभागातल्या दोन माजी नगरसेवकांना सांगून बघितलं आहे. (एक जण म्हणाले, फ्लेक्स लावू. कशाचा, ते विचारलं नाही.) जिल्हा किंवा राज्य संघात, किंवा त्यांच्या शिबिरात निवड झालेल्या प्रत्येक खेळाडूला, शिबिराच्या आणि सामन्याच्या प्रत्येक दिवसाचं किमान वेतनाइतके पैसे त्याच महिन्यात खात्यात मिळावेत. पुरस्कार नको, सत्कार नको, शिष्यवृत्ती असं गोंडस नावही नको. खाडाभत्ता म्हणा. मैदानावर जायबंदी झाली तर बरं होईपर्यंत तोच भत्ता आणि उपचार. बर्डनचा प्रश्न एकशे वीस वर्षांनी तरी सुटू दे. पोरगा असो की पोरगी, दोघांनाही द्या. पण पोरीचा आधी द्या, कारण पोराच्या खाड्याला घर एखादवेळेस 'खेळतोय, खेळू दे' म्हणतं. पोरीचा खाडा दोन ठिकाणी लागतो, दुकानात आणि घरी. संध्याकाळच्या सरावाला थांबली तर धाकट्याचा डबा, पाणी भरणं, आजीचं औषध हे कुणीतरी उचलतं, आणि ते कुणीतरी पुन्हा बाईच असते. लग्नाच्या वाटाघाटी सुरू झाल्या की पहिला कापला जातो तो सराव. हातात महिन्याचे चार पैसे येत असले तर निदान त्या वाटाघाटीत तिच्या बाजूने बोलायला काहीतरी असेल.

पैसा कुठून, हा खरा प्रश्न नाहीच. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, असं कलम आहे, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पुण्याच्या आसपास चाकण ते हिंजवडी किती कंपन्या आहेत ते सांगायला नको. त्यांचा पैसा आज बुटांवर, किटवर, रंगीत कुंपणावर जातो, कारण त्यावर नाव छापता येतं. खाड्यावर नाव कुठे छापणार? म्हणून महापालिकेने आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने निधी एकत्र करून, निवडीच्या यादीवरून थेट खात्यात पैसे टाकावेत. यादीत घोळ होतील. होतीलच, बोगस प्रमाणपत्रांचं वर सांगितलंच. पण रोजच्या हजेरीवर दिलेला छोटा भत्ता लाटायला पहाटे सहाला मैदानावर येऊन पडावं लागतं. एका कागदावर मिळणारी जन्माची नोकरी लाटण्यापेक्षा ते फार कष्टाचं काम आहे.

आणखी एक आक्षेप मला माझ्याच घरातून आला. यजमान म्हणाले, हौसेने खेळण्यात जी मजा असते ती पैसे आले की जाते. हे वाक्य १८९३ मध्ये लंडनमध्ये बोललं गेलं होतं, तेही पोट भरलेल्यांनीच. आपल्या जिमखान्यांत आणि क्लबांत टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या हौसेला महिन्याचा किती खर्च येतो, ते त्यांच्या पालकांना विचारा. हौस फुकट कुणाचीच नसते. कुणाची बापाच्या खिशातून जाते, कुणाची मजुरीतून कापली जाते. रग्बीच का, कबड्डी-खो-खो का नाही, हाही प्रश्न येतो. तर तिघींनाही द्या. खेळ कोणता, याने खाड्याची लांबी बदलत नाही.

आणि पुण्याला हा हिशेब नवा नाही. १९८० मध्ये याच शहरातल्या मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ हवी, भरपगारी सुट्टी हवी. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगारांसाठी मंडळाचा कायदा झाला. महिन्याला दोन खाडे माफ, हा आमच्या सासूबाईंचा नियम त्यांच्या मनाच्या मोठेपणातून आलेला नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. तो संपातून आला होता. जॉर्ज हॉटेलात जमलेले क्लबवाले आणि आमच्या गल्लीतल्या त्या बायका यांच्यात पंचाऐंशी वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर होतं, पण दोघांच्या हातात कागद एकच होता.

परवा मावशी म्हणाल्या, 'ताई, अकरा ते चौदा पोरगी बाहेरगावी, शिबिराला. मी दोन्हीकडं पोचणार नाही. खाडे धरा.' त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, नुसती माहिती होती. मी कालनिर्णय काढलं. अकरा, बारा, तेरा, चौदा, चार चौकोन. पेन उघडून गोल न करता वर आडवं 'शिबिर' असं लिहिलं. मावशींना वाचता येतं, त्यांनी वाचलं, आणि म्हणाल्या, 'मग ते धरायचे की नाही?'

नाही म्हटलं. त्या गेल्या. त्या दिवसांची भांडी मी घासली, चौथ्या दिवशी कंबर धरली.

दुकानाने चार दिवस कापले. दुसऱ्या घरच्या कॅलेंडरवर काय लिहिलं गेलं, ते मी विचारलेलं नाही.